पाळकाची बदली आणि आपलं बिऱ्हाड

जय ख्रिस्त. तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं आहे की नवरा पाळक, चर्चचा धर्मगुरू, सात वर्षं देहरादूनला काढली, आता नागपूरच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये यायचंय, १ मे रोजी चार्ज घ्यायचा. तू स्टाफ नर्स, मुलगी नववीत जाईल, मुलगा चौथीत, माहेर कोल्हापूरकडचं आणि नागपूर काय ते ट्रेनच्या खिडकीतून पाहिलेलं. सामान कसं हलवायचं, मुलांच्या शाळेचं काय, हे विचारलंस. आणि जाता जाता लिहून टाकलंस की घराबद्दल, पैशांबद्दल तिथल्या चर्चच्या कमिटीला काहीच विचारलं नाही, कारण त्यांना वाटेल यांचा विश्वास कमी आहे.

सामानाचं नंतर सांगते, आधी हे. बाई, विचार. आत्ताच विचार, ट्रकवाल्याला फोन करायच्या आधी. मी तेहतीस वर्षं पाळकबाई होते, आठ बदल्या झाल्या, त्यातल्या दोन महाराष्ट्राबाहेर, आणि पहिल्या तीन बदल्यांत आम्हीही तोंड उघडलं नाही, प्रभू बघेल म्हणून गप्प बसलो. प्रभूने बघितलंच, पण मधे जी फरपट झाली ती न विचारल्यामुळे झाली, त्यात परीक्षा वगैरे काही नव्हती. बिशपांचं पत्र येतं ते पाळकाच्या नावाने. त्यात बायको, पोरं, फ्रिज, म्हातारी सासू यांचा उल्लेख नसतो, म्हणून त्यांची व्यवस्था कोणीतरी केलीच असेल असं समजू नये. कमिटीवाले वाईट नसतात गं, त्यांच्या डोक्यात येतच नाही. नोकरीवाली माणसं असतात, संध्याकाळी मीटिंगला येतात, स्वागताचे हार, शाल, जेवण सगळं ठरवतात, बाथरूमचा नळ वाहून राहिला हे कोणाच्या लक्षात नसतं.

आमची दुसरी बदली सांगते. गावाचं नाव नको. मे महिना, ट्रक दुपारी दोनला पार्सनेजसमोर, म्हणजे चर्चने पाळकाला दिलेल्या घरासमोर उभा, मोठी पोरगी आठ महिन्यांची कडेवर, आणि आधीच्या पाळकांचं कुटुंब अजून घरातच. त्यांच्या मुलीची परीक्षा संपायची होती, त्यांचीही चूक नव्हती, त्यांना कोणी तारीखच दिली नव्हती. अकरा दिवस आम्ही शब्बाथशाळेच्या खोलीत राहिलो. बाकांवर गाद्या टाकल्या, स्टोव्ह व्हरांड्यात, आणि रविवारी सकाळी सहाला सगळं गुंडाळून भिंतीला लावायचं कारण नऊला मुलं येणार. त्या बाईने आणि मी एकाच किचनमध्ये आलटून पालटून पोळ्या केल्या, आजही आमचं चांगलं आहे, पण ते नशीब.

तर काय विचारायचं. घर कोणत्या तारखेला रिकामं होतं, रंग आणि दुरुस्ती आम्ही यायच्या आधी होणार की नंतर (नंतर म्हणाले तर समज की होत नाही), लाइट बिल आणि पाणीपट्टी कोण भरतं, ट्रकचं भाडं कोण देतं आणि पूर्ण देतं की अर्धं, इकडचा पगार कोणत्या तारखेपासून सुरू आणि तिकडचा कोणत्या तारखेला बंद, पीएफ कापत असतील तर तोच नंबर पुढे चालू राहील ना, आजारपणाचं काही कव्हर आहे का. पगाराच्या तारखेचं तर नक्की विचार. तिकडे एप्रिलअखेर हिशोब संपतो, इकडे कमिटी म्हणते आमचा पगार महिना भरल्यावर, मग जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातात काही नाही आणि नेमकी तेव्हाच शाळेची फी, युनिफॉर्म, कूलर, सगळं एकदम येतं. आमच्या ओळखीत दोघातिघांनी या एका महिन्यासाठी सोनं गहाण टाकलंय.

आणि फोनवर नको, लेखी विचार. नवऱ्याने सेक्रेटरींना साधा मेसेज टाकायचा: 'आदरणीय सेक्रेटरीसाहेब, जय ख्रिस्त. आम्ही आनंदाने येत आहोत. सामान २८ एप्रिलला निघेल. घराचा ताबा, दुरुस्ती, वाहतूक खर्च आणि पगाराची तारीख याबद्दल कमिटीत काय ठरलं ते कृपया दोन ओळींत कळवावं म्हणजे आम्हाला तयारी करता येईल.' बस. यात कोणाला राग येण्यासारखं काही नाही, आणि ज्याला येईल तो पुढे कशानेही रागावणारच आहे, आधीच कळलेलं बरं.

आता पंखे. हसू नको. पार्सनेजचं एक सामानाचं रजिस्टर असतं, खुर्च्या चार, लाकडी कपाट एक, दिवाण एक, पंखे अमुक, असं लिहिलेलं. ताबा घेताना सही मागतात. माझे मिस्टर स्वभावाने देवमाणूस, प्रवासाने थकलेले, व्हरांड्यात उभ्या उभ्या सही केली. रजिस्टरमध्ये पंखे सहा, घरात पंखे चार. पाच वर्षांनी निघताना कमिटी बदललेली, नवीन खजिनदार रजिस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला आणि निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी आम्हाला दोन पंखे विकत आणून लावून द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने भाषणात मिस्टरांच्या प्रामाणिकपणाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. तेव्हापासून मी स्वतः वही घेऊन मोजते, कमिटीचा एक माणूस सोबत ठेवते, मोबाईलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढते आणि जे नाही त्यापुढे 'मिळाले नाही' असं लिहून मगच सही. चर्चच्या चाव्यांचंही तसंच. जुडग्यात तीस चाव्या देतात, त्यातल्या बावीस कशाच्या ते कोणालाच माहीत नसतं. लागतात त्या वेगळ्या करून चिठ्ठ्या लाव, बाकीच्या डब्यात ठेव, टाकू मात्र नको.

रजिस्टरवरून आठवलं, बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं रजिस्टर देतानाही आणि घेतानाही शेवटच्या नोंदीचा नंबर लिहून दोघांच्या सह्या असाव्यात. दहा वर्षांनी कोणीतरी पासपोर्टसाठी दाखला मागायला येतं आणि नोंद सापडत नाही, तेव्हा नाव तुझ्या नवऱ्याचं निघतं. आणि लग्न लावण्याचा अधिकार बघून घ्या. तुम्ही कोणत्या चर्चचे ते लिहिलं नाहीस. सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असाल, म्हणजे बिशपांच्या हातून दीक्षा झालेली असेल, तर १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात तो अधिकार दीक्षेबरोबरच येतो, फक्त एका डायोसिसमधून, म्हणजे एका बिशपांच्या हद्दीतून दुसऱ्यात जाताना दोन्ही बिशपांची पत्रं हातात असू द्या. पण स्वतंत्र मंडळीचे असाल आणि सरकारी लायसन्सवर लग्न लावत असाल, तर ते लायसन्स त्या राज्यापुरतंच असतं. उत्तराखंडचं लायसन्स इथे चालणार नाही, महाराष्ट्राचं नवीन काढावं लागेल, आणि ते मिळेपर्यंत लग्न लावू नये, कोणी कितीही गळ घातली तरी. मे महिन्यात लग्नं असतात आणि आल्या आल्या पहिली मागणी तीच येईल, बघ.

मुलीचं. नववीत जातेय म्हणजे खरं तर तुम्ही वेळेत निघालात. सीबीएसईत नववीत बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं आणि नववी दहावी एकत्र धरतात, मग दहावीत शाळा बदलायची म्हणजे बोर्डाच्या परवानगीपासून सुरुवात. एक वर्ष उशीर झाला असता तर मी म्हटलं असतं की तू आणि मुलं एक वर्ष तिकडेच राहा, तो एकटा येऊ दे. पाळकाने कुटुंब मागे ठेवलं तर मंडळीत कुजबुज होते, होऊ दे. आता प्रश्न बोर्डाचा. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणजे तुम्ही याल तेव्हा वर्ग महिनाभर पुढे गेलेला. राज्य बोर्डाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात, तिथे वेळ मिळतो पण मराठीचा पेपर आहे. तशी २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावी लागते, तेव्हा कुठेही टाकलं तरी मराठीशी गाठ आहेच, फक्त नववीला किती आणि कसं ते शाळेत जाऊन विचार. घरी मराठी बोलत असाल तर अर्धं काम झालंय, लिपी तीच आहे, अडतात ती पोरं 'ळ' वर आणि ऱ्हस्व दीर्घवर. धाकट्याची काळजी नको, आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या आरटीई कायद्यात आहे ते. तरी टीसी हातात घेऊनच निघ, आणि राज्य बदलतंय म्हणून तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही शिक्का लागेल का ते नव्या शाळेला आधीच विचारून घे. नाहीतर एका शिक्क्यासाठी परत देहरादून. मिशनच्या शाळेत पाळकाच्या मुलांना प्रवेश मिळतोच असं कोणी छातीठोक सांगेल, त्याच्यावर विसंबू नको, मिळतो किंवा नाही मिळत.

शक्य असेल तर एप्रिलमध्ये दोन दिवस मुलीला घेऊन ये. घर बघू दे, तिची खोली कोणती ते तिला ठरवू दे. आमच्या मोठीला, ती सातवीत असताना, बदली झाल्याचं आम्ही जेवणाच्या टेबलावर सांगितलं, सगळं ठरल्यावर. ती काही बोलली नाही. ताटातली पोळी तशीच ठेवून उठली आणि दप्तर भरायला लागली, परीक्षा संपलेली होती तरी. लग्न झाल्यावर कधीतरी म्हणाली, आई तुम्ही मंडळीला माझ्या आधी सांगितलं होतं. खरं होतं ते.

तुझी नोकरी. इथे तुझा नवरा म्हणेल आधी सेटल होऊ मग बघू. ऐकू नको. नर्सचं रजिस्ट्रेशन राज्याच्या कौन्सिलचं असतं, तिकडच्या कौन्सिलची एनओसी घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला अर्ज करावा लागतो, आणि कागद फिरायला वेळ लागतो. तिथे असतानाच अर्ज टाक, हॉस्पिटलकडून एक्सपिरियन्स लेटर घेऊनच निघ. नागपुरात हॉस्पिटलं भरपूर आहेत, धंतोली रामदासपेठेत तर दर चार घरांनंतर एक, सीताबर्डीला म्यूर मेमोरियल हे जुनं मिशनचं, काम मिळेल. पण रजिस्ट्रेशन नसेल तर चांगलं काम मिळणार नाही. आणि कमिटीला पहिल्याच भेटीत सांग की मी ड्युटी करणारी बाई आहे, महिला संघाला रविवारी येईन, बुधवारी जमेल तेव्हा. आधीच्या बाई रोज असायच्या हे तुला ऐकवतील. ऐकून घे, चहा दे, आणि ड्युटीला जा. पहिल्या महिन्यात जे हो म्हणशील ते पाच वर्षं करावं लागतं.

सामानाचं आता. पुस्तकं हा पाळकाच्या घरातला खरा शत्रू, मोठ्या खोक्यात भरली की तळ फाटतो आणि हमाल उचलायला नाही म्हणतात. तू हॉस्पिटलमध्ये आहेस ना, स्टोअरवाल्याला सांगून सलाईनचे खोके गोळा कर. लहान, जाड, एका माणसाला उचलता येतात. नागपूरला येणारा ट्रक एप्रिलच्या शेवटी म्हणजे आतलं सामान भाजून निघतं, तेव्हा मेणबत्त्या, औषधं, परफ्युम, मुलांचे क्रेयॉन यातलं काहीही ट्रकमध्ये टाकू नको. आम्ही एकदा नाताळच्या उरलेल्या मेणबत्त्यांचा डबा मिस्टरांच्या पांढऱ्या झग्यावर ठेवला होता, दोन दिवसांनी उघडलं तर डब्याच्या आकाराचा मेणाचा गोल झग्यातून खाली चादरीपर्यंत उतरलेला, आणि रविवारी पहिली उपासना. ब्राऊन पेपर ठेवून मी इस्त्री फिरवत बसले रात्री एकपर्यंत, मेण निघालं, पिवळा डाग तसाच राहिला, सहा महिने त्यांनी प्रभुभोजन देताना डावा हात त्याच्यावर धरला. झगा, स्टोल, दीक्षेचं सर्टिफिकेट, मुलांचे दाखले, हे सगळं ट्रेनमध्ये तुमच्यासोबत.

पॅकर्स मूव्हर्सकडून तीन कोटेशन घे, घरी येऊन सामान बघून दिलेली, आणि नेटवर सगळ्यात स्वस्त सांगणारा टाळ, नामांकित कंपनीच्या नावासारखं नाव ठेवून ट्रक मधेच थांबवून जास्त पैसे मागणारे असतात. गॅस तिथे सरेंडर करून कागद घे, सिलेंडर ट्रकमध्ये नको. गाडी असेल तर आरटीओची एनओसी काढून आण, दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्सही भरावा लागतो, तिकडचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तो मागायला किती जण जातात देव जाणे.

आणि नागपूरचा मे. देहरादूनहून येताय म्हणून सांगते, इथे पारा ४५ च्या वर जातो, शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. एसी नंतर बघा, आधी कूलर. जुने बंगले उंच छताचे असतात, खिडक्या कोणत्याही मापाच्या नसतात, म्हणून सेक्रेटरींना सांगून हॉलच्या आणि एका बेडरूमच्या खिडकीचं माप मागवून ठेव, कूलर स्टँड आहे का ते विचार, आणि मीटरचा लोड किती ते. सदरला, बर्डीला (सीताबर्डीला) कूलर भरपूर मिळतात पण मेमध्ये पहिल्या चटक्याला भाव चढतात. सामान उतरवायला सकाळी सहाची वेळ ठरव. दुपारी हमाल येत नाहीत, आले तरी तू त्यांना उन्हात उभं करू नकोस.

मंडळीबद्दल थोडं. नागपुरात हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये आले, ते स्कॉटिश मिशनचे, पुढे त्यांच्या नावाचं कॉलेज झालं. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चेस एक होऊन सीएनआय झालं तेही इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला. एक झाले खरे, पण सवयी कुठे एक होतात. एका मंडळीत प्रभुभोजनाला लोक पुढे येऊन गुडघे टेकतात, दुसरीत बाकावर बसल्या जागी घेतात, आणि पन्नास वर्षांनंतरही म्हातारे सांगतात आम्ही स्कॉटिश मिशनचे. तुझ्या नवऱ्याला म्हणावं पहिलं वर्षभर उपासनेचा क्रम, गीताची चाल, घंटेची वेळ, काहीही बदलू नको, फक्त बघ. भाषेची अडचण नाही, रेल्वेमुळे तेलुगू, अँग्लो-इंडियन सगळे इथे येऊन राहिलेले, बाजारात निम्मी हिंदी चालते, तुमच्या पोरांना देहरादूनची हिंदी इथे कामी येईल. तुला मात्र कोल्हापूरचं मराठी बोलताना ऐकून बाया हसतील, तूही त्यांच्या 'करून राहिली' वर हस, बरोबरी होईल.

पहिल्या महिन्यात सोफ्यावर बसून कोण तुला मंडळीचा इतिहास सांगतं ते लक्षात ठेव, काय सांगतं ते विसरून जा. जागेच्या, ट्रस्टच्या जुन्या भांडणांत दोन्ही बाजू तुझ्याकडे लोणचं घेऊन येतील. लोणचं घे. मंडळीबाहेरची एक मैत्रीण कर, हॉस्पिटलमधली, शेजारची, कोणीही, जिच्यासमोर तू पाळकबाई नसशील. मला ती पाचव्या बदलीत मिळाली, समोर राहणारी मारवाडीण, तिला बायबलमधलं एक अक्षर माहीत नव्हतं आणि माझं बीपी तिच्यामुळे खाली आलं.

आणि देहरादूनच्या मंडळीचे व्हॉट्सअॅप ग्रुप निघायच्या दिवशी सोडा, दोघांनीही. जीव तुटतो, माहीत आहे. पण तिथे नवीन पाळक येणार, आणि तुम्ही ग्रुपमध्ये असलात की लोक लग्नाला, दफनाला तुम्हालाच बोलावणार, त्या बिचाऱ्याचे पाय रोवले जात नाहीत. वर्षभर जायचं नाही, बोलावलं तरी. लक्ष्मीबाई टिळकांचं बिऱ्हाड रेव्हरंड टिळकांच्या मागे नाशिक, नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी, सातारा असं किती ठिकाणी गेलं, तेव्हा नुसती पत्रं असायची, सुटणं सोपं होतं.

एक पैशाचं राहिलं. पार्सनेजमध्ये राहून भाडं वाचतं असं वाटतं, पण रिटायर झाल्यावर घर सोडायचं असतं आणि आपल्या नावावर एक खोलीही नसते. तुझा पगार सुरू झाला की त्यातून दर महिन्याला आरडी लाव, घरासाठी म्हणून, आणि ती नवऱ्याला मंडळीतल्या गरजूंना देऊ देऊ नको. देवमाणसं असतात ना, देऊन टाकतात. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट अशाच आरडीतून उभा राहिला, बावीस वर्षं लागली.

सेक्रेटरींचं काय उत्तर येतं ते लिही, मग पुढचं बघू. ट्रक कोणत्या दिवशी पोचतो तेही कळव. सदरपासून मी लांब नाही, पहिल्या दिवशीचं जेवण माझ्याकडून, फक्त पोरांना तिखट किती चालतं ते आधी सांग, सात वर्षं तिकडे राहून जिभा मऊ झाल्या असतील.